अंग लाल की काळं?

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी तीन फोटो पाठवलेत. त्यांच्या गच्चीवर कुंड्यांमध्ये एक्झोरा आणि पेंटास फुललाय, आणि पाऊस सुरू झाल्यापासून त्यावर काळी, शेपटीवाली फुलपाखरं येतात. मागच्या पंखावर मधोमध पांढरा डाग, कडेला लाल ठिपके. मोबाइलमधल्या ॲपनं एका फोटोला ‘कॉमन रोझ’ असं नाव दिलं, दुसऱ्याला ‘कॉमन मॉर्मन’, आणि तिसऱ्यापुढं हात टेकले. ताई विचारतात, “सर, मला तर तिन्ही एकच दिसतात. ॲप चुकतंय की माझे डोळे?”

दोन्ही नाही. ताई, तुम्ही जिथं फसलात तिथंच पक्षीही फसतात, आणि त्यांनी फसावं म्हणूनच ती नक्षी त्या पंखांवर आलीय. पिढ्यान्‌पिढ्या पक्ष्यांच्या नजरेतून गाळून निघालेली नक्कल आपल्याला पहिल्याच दिवशी ओळखू यावी, ही अपेक्षाच जरा जास्त झाली. मी पंचवीसहून जास्त वर्षं सोलापूर आणि आजूबाजूच्या रानात फुलपाखरांच्या नोंदी ठेवतोय. त्यातली पहिली तीन-चार वर्षं मीही पंखच बघत होतो.

पंख नंतर बघा, आधी अंग बघा. एवढं एक जमलं तर या काळ्या-लाल गोंधळातलं बहुतेक सगळं सुटतं. डोकं लाल, छातीच्या दोन्ही बाजू लाल, पोटाचं टोक लाल, म्हणजे कुंकवाच्या करंड्यात बुडवून काढल्यासारखं दिसलं, तर ते रोझ. अंग सगळं काळं, डोक्यावर-छातीवर फार तर बारीक पांढरे टिपके, तर ती कॉमन मॉर्मनची मादी. पंखावरची लाली दोघांनाही असते, पण मॉर्मनच्या अंगावर ती कधीच नसते. नक्कल करणाऱ्यानं सगळा वेष हुबेहूब शिवून घेतला आणि अंगरखा तेवढा आपलाच ठेवला, असा हा प्रकार आहे.

नक्कल कशासाठी, ते कळलं की बाकीच्या खुणा पाठ कराव्या लागत नाहीत, म्हणून तेही सांगतो. आपल्याकडच्या काळ्या रानात बांधाच्या कडेनं किडामारी नावाची वेल सरपटत वाढते. पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, करडसर हिरवं, आणि चुरगाळलं की नको तो वास. फूल गडद जांभळं, नळीसारखं. हिच्यात आणि हिच्या भावकीतल्या सापसंदमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल नावाचं विष असतं. कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या दोघांच्या अळ्या याच वेलींवर वाढतात. पानातलं विष त्या अंगात साठवतात आणि ते फुलपाखरातही उतरतं. एखाद्या पक्ष्यानं एकदा चोच मारली की पुढच्या वेळी तो काळ्या-लाल पंखांच्या वाटेला जात नाही. मॉर्मनची अळी मात्र लिंबू, कढीपत्ता, बेल असल्या घरगुती झाडांवर वाढते. तिच्याजवळ तसलं विष नाही. मग तिनं काय केलं, तर विषारी शेजाऱ्याचा सदरा उचलला.

रोझ हातात आलं की काय करतं, हे एकदा जवळून बघायला मिळालं. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो. पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा एक मुलगा मधल्या सुट्टीत चिमटीत काहीतरी धरून धावत आला. “सर, सीताकोकचिलुका मेलं!” कॉमन रोझ होतं. पंख मिटलेले, पाय पोटाशी आवळलेले, हलत नव्हतं. बोटांना उग्र वास येत होता, पोरानं तो हुंगून तोंड वाकडं केलं. मी ते भिंतीच्या कठड्यावर उन्हात ठेवायला लावलं आणि सगळ्यांना दोन पावलं मागं घेतलं. मिनिटभर काही नाही. मग एक मिशी हलली, मग पाय सरळ झाले, आणि स्वारी काही झालंच नाही अशा थाटात, संथपणे, शाळेच्या फाटकावरून निघून गेली. रोझचं अंग चिवट असतं, चामड्यासारखं. पक्ष्यानं उचलून टाकलं तरी बऱ्याचदा जिवंत सुटतं. मॉर्मनला ही चैन नाही. ती तशी सापडली तर संपली.

(सोलापुरात फुलपाखराला तीन भाषांत हाक मारता येते. तेलुगूत सीताकोकचिलुका, कन्नडमध्ये पातरगित्ती. मला स्वतःला यातलं पातरगित्ती सगळ्यात आवडतं, पण ते असो.)

चालीत तोच फरक आहे. ज्याला कुणी खात नाही त्याला घाई नसते. रोझ आरामात, पंख हळू हलवत, माणसाच्या कमरेच्या नाही तर छातीच्या उंचीवरून जातं. मॉर्मनची मादी रोझसारखं संथ उडायचा प्रयत्न करते, पण तुम्ही दोन पावलं जवळ गेलात, सावली पडली, की नाटक सोडून देते आणि झटके देत, वरखाली होत पळ काढते. दूरवरून अंग दिसत नसेल तेव्हा मी मुद्दाम थोडा पुढं सरकतो. घाबरून चाल बदलली तर बहुतेक मॉर्मन. मात्र निव्वळ चालीवरून मी वहीत नाव लिहीत नाही. तेवढ्यावर लिहिणारे लोक मला भेटलेत, आणि त्यांच्या याद्या मी जरा जपूनच वाचतो.

मॉर्मनच्या माद्या एकाच रूपाच्या नसतात, आणि इथंच नवख्या माणसाची खरी दमछाक होते. नर एकाच प्रकारचा: काळा, पुढच्या पंखाच्या बाहेरच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची, टोकाकडं लहान होत गेलेली ओळ, आणि मागच्या पंखावर आडवा पांढरा पट्टा. मादीची तीन रूपं. पहिलं नरासारखंच, त्याला सायरस म्हणतात. दुसरं स्टिकियस, हे कॉमन रोझची नक्कल करतं. तिसरं रोम्युलस, हे क्रिमझन रोझची. तिन्ही एकाच जातीच्या माद्या, तिन्ही त्याच नरांशी जोड्या लावणार, आणि एकाच आईच्या पोटी दोन रूपांच्या मुली निघू शकतात. हे मला वाचून माहीत होतं, पण पटलं ते घरच्या कढीपत्त्यावर. एका वर्षी त्या झाडावरच्या सात अळ्या मी जाळीच्या डब्यात वाढवल्या. एकाच मादीनं एकाच सकाळी घातलेली अंडी होती, मी खुर्ची टाकून बघत होतो. पाच फुलपाखरं निघाली. तीन नर, एक मादी नरासारखी, आणि एक मादी थेट कॉमन रोझच्या वेषात. बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, “ही शेवटची दुसऱ्याची आणून ठेवली असणार तुम्ही.”

वेष कोणता मिळणार हे ठरवणारं जनुक सापडलेलं आहे. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवून दिलं की हा सगळा खेळ ‘डबलसेक्स’ नावाच्या एका जनुकाभोवती फिरतो. हे जनुक मुळात कीटकांमध्ये नर-मादी असा भेद घडवणारं. मॉर्मनमध्ये त्याच्यावर मादीच्या पंखांची नक्षी ठरवायचंही काम येऊन पडलंय. नकलेचं रूप प्रभावी असतं, म्हणजे आईबापांपैकी एकाकडून आलं तरी मुलीच्या पंखावर उमटतं. मुलगेही तेच जनुक वाहतात, पण त्यांच्या पंखावर ते दिसत नाही. म्हणून वरून साध्या दिसणाऱ्या नराच्या मुली रोझसारख्या निघतात.

आता क्रिमझन रोझ. याच्या बाबतीत मी स्वतः तोंडावर आपटलोय. सुरुवातीच्या काळात नान्नजच्या बाजूला, माळढोक अभयारण्याकडं जाणाऱ्या रस्त्यालगत घाणेरीवर एक फुलपाखरू दिसलं. पुढच्या पंखावर दोन तिरके पांढरे पट्टे, मागच्या पंखावर लाल ठिपके. मी आनंदानं ‘क्रिमझन रोझ’ असं लिहून टाकलं आणि ती नोंद एका यादीत गेलीसुद्धा. चार वर्षांनी जुने फोटो चाळताना बघतो तर अंग काळं कुळकुळीत. रोम्युलस! यादी करणाऱ्यांना पत्र लिहून नोंद काढायला लावली. त्यांनी काढली, पण त्या आधीच्या प्रती अजून फिरत असतात आणि अधूनमधून कुणीतरी माझंच नाव घेऊन मलाच ती नोंद सांगतं.

तेव्हा लक्ष दिलं असतं तर पंखांवरूनही शंका यायला हवी होती. क्रिमझन रोझचा काळा रंग गडद, त्यावरचे पट्टे स्वच्छ पांढरे आणि मागच्या पंखावर भडक लाल ठिपक्यांच्या दोन ओळी. रोम्युलस ही त्या मानानं फिकट झेरॉक्स. पट्टे मळकट, लाली उतरलेली. स्टिकियसची नक्कल जितकी सफाईदार तितकी रोम्युलसची नाही. पण हे ‘फिकट’ वगैरे दोन्ही शेजारी ठेवली तरच कळतं. एकटं फुलपाखरू समोर असताना, त्यातही पंख झिजलेलं असेल तर, फिकट म्हणजे किती फिकट? अस्सल क्रिमझन रोझही दिवस जातील तसं उन्हात विटतं. अंगाची लाली मात्र विटून काळी होत नाही.

कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या दोघांत फरक करायला अंग उपयोगाचं नाही, दोन्ही लालच. तिथं पंख बघावे लागतात, आणि ते सोपं आहे. पांढरं कुठं आहे एवढंच विचारायचं. मागच्या पंखाच्या मध्यावर असेल तर कॉमन रोझ. पुढच्या पंखावर पट्ट्यांच्या रूपात असेल आणि मागच्या पंखावर नुसती लाली असेल तर क्रिमझन.

लाल छाती ही खूण माझी नव्हे, फार जुनी आहे. जीवांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसनं 1758 साली फुलपाखरांना नावं दिली तेव्हा या मोठ्या फुलपाखरांना ‘सरदार’ म्हणून त्यांचे दोन तट पाडले. नावं घेतली ग्रीक पुराणकथेतल्या ट्रॉयच्या युद्धातून: छातीवर रक्तासारखे लाल ठिपके असलेले ते ट्रॉयचे योद्धे, छाती कोरी असलेले ते ग्रीक. क्रिमझन रोझ त्यात हेक्टर झाला. पण मॉर्मनपाशी खुद्द लिनियस फसला. नर आणि नकल्या मादी या त्याला दोन वेगळ्या जाती वाटल्या, म्हणून एकाला पॅमन आणि दुसरीला पॉलिटिस अशी नावं दिली. ट्रॉयच्या कथेत पॅमन, पॉलिटिस आणि हेक्टर हे तिघंही प्रायम राजाचे मुलगे. म्हणजे नवरा-बायकोला त्यानं भाऊ-भाऊ करून टाकलं आणि ज्या घराण्याची नक्कल होते तिथला हेक्टरही त्यांचाच भाऊ! पुढं वॉलेस या इंग्रज निसर्ग अभ्यासकानं मलय बेटांवरच्या फुलपाखरांवर 1865 साली लिहिलं, त्यात ही वेगवेगळी दिसणारी रूपं एकाच जातीच्या माद्या आहेत याची नीट मांडणी झाली. जातीला आज चालतं ते नाव मादीचं, पॉलिटिस.

झाडावरून ओळख पटते ती सगळ्यात भक्कम, अंगाइतकीच. एखादी काळी-लाल मादी फुलांकडं न बघता कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या शेंड्याभोवती घिरट्या घालतेय, पुढच्या पायांनी पानावर थापट्या मारतेय, पोट वाकवून एकेक अंडं चिकटवतेय, असं दिसलं की विषय संपला. त्या थापट्या म्हणजे चव घेणं आहे, तिची जीभ पायात असते म्हणा ना. मॉर्मनचं अंडं मोहरीपेक्षा लहान, गोल, फिकट पिवळं. रोझ कढीपत्त्यावर अंडं घालणार नाही, ती किडामारी नाही तर सापसंदच शोधणार. आपल्या शहरात आता घरटी कढीपत्ता आहे आणि किडामारी मात्र तण म्हणून उपटली जाते. त्यामुळं विजापूर रोड, होटगी रोडच्या वस्त्यांत मला मॉर्मन जास्त दिसतात आणि गावाबाहेर ज्वारीच्या रानांकडं गेलं की रोझ वाढतात. मूळ कमी आणि नकला जास्त झाल्या तर पक्ष्यांवरचा धाक किती दिवस टिकेल, असं मनात येतंच. पण ते मोजायचं तर पक्ष्यांच्या मागं लागावं लागेल. माझे गुडघे आता ऐकत नाहीत.

अळ्यांमध्ये रोझ आणि मॉर्मन यांची गफलत होऊच शकत नाही. मॉर्मनची लहान अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचलं की डोक्यामागून उग्र वासाचं दोन टोकांचं शिंग बाहेर काढते. रोझची अळी काळपट तांबडी, अंगभर मांसल बोंडं. तिच्या पाठीवर मध्यावर पांढरा आडवा पट्टा असेल तर कॉमन रोझ, नसेल तर क्रिमझन. ही खूण मला फुलपाखराच्या पंखांपेक्षाही आवडते, कारण ती उडून जात नाही.

फोटोचं थोडं सांगतो, कारण तुमच्या तिसऱ्या फोटोची अडचण तिथंच आहे. स्वॅलोटेल, म्हणजे आपल्या पुच्छ कुळातली ही फुलपाखरं मध पिताना पंख थांबवत नाहीत. पाय फुलाला टेकलेले आणि पंख थरथरत असतात. म्हणून वरून फोटो काढला की पंखांची धूसर चादर तेवढी येते आणि अंग त्याखाली झाकलं जातं. बाजूनं, फुलाच्या उंचीला खाली बसून काढा. मोबाइलवर एकेक टिपण्यापेक्षा बटण दाबून धरा, वीस-पंचवीस फोटोंत एकात तरी छातीची कड दिसते. दुसरी वेळ म्हणजे थंडीतली सकाळ. डिसेंबरात उन्हं यायच्या सुमारास ती पंख पसरून ऊब घेत बसतात, तेव्हा हातभर अंतरावरून बघता येतं. आणि नळाला पाणी येतं त्या दिवशी गल्लीतली ओल विसरू नका. चिखलात सोंड खुपसून बसलेलं काळं-पांढरं शेपटीवालं फुलपाखरू बहुतेक वेळा मॉर्मनचा नर असतो. क्षार चोखायला तो येतो, मादी सहसा येत नाही.

याच कुळातली आणखी तीन नावं, कारण लोक तीही याच गोंधळात ओढतात. लिंबाचं फुलपाखरू, म्हणजे लाइम, याला शेपटीच नाही. काळ्यावर फिकट पिवळ्या चौकटी आणि मागच्या पंखाच्या आतल्या कोपऱ्यात एक लाल ठिपका. सोलापुरात सगळ्यात जास्त दिसणारं हेच, आणि ‘स्वॅलोटेल आहे तर शेपटी कुठाय’ म्हणून सगळ्यात जास्त वाद होतात ते याच्यावरच. उंच सरळ अशोकाभोवती सुसाट फिरणारं, काळ्यावर पोपटी ठिपक्यांचं ते टेल्ड जे. त्याच्या अळ्या अशोक आणि सीताफळावर असतात. ब्लू मॉर्मन हे 2015 पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू, तळहाताहून मोठं, मागच्या पंखावर निळ्या रंगाचा पसारा आणि शेपटी नाही. ते पावसाच्या मुलखातलं, सह्याद्रीकडचं. आपल्या पाच-सहाशे मिलिमीटरच्या कोरड्या जिल्ह्यात कुणाला दिसलं तर तारीख-जागेसह फोटो जपून ठेवा.

आता तुमचे फोटो. पहिल्यात फुलाच्या मागं डोकं अर्धं झाकलंय, पण मोठं करून बघा: डाव्या पंखाच्या मुळाशी लाल रेघ आणि पोटाचं टोक तांबडं. कॉमन रोझ, ॲप बरोबर. दुसऱ्यात पांढरा डाग, लाल चंद्रकोरी, शेपटी, सगळं तसंच आहे, अंग मात्र शाईसारखं काळं. मॉर्मनची मादी, स्टिकियस. तिसऱ्यात वरून काढलेले दोन हललेले पंख आहेत, अंग नाही. ॲपनं हात टेकले ते शहाणपणच केलं. मीही माझ्या वहीत ‘रोझ किंवा मॉर्मन मादी’ असंच लिहीन, पुढं जात नाही.

एक राहिलं. दुसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात कढीपत्त्याची कुंडी दिसतेय, आणि तिच्या वरून दुसऱ्या पानावर पांढरट-तपकिरी काहीतरी आहे. तुम्ही ती चिमणीची घाण समजून पुसायच्या आधी जवळ जाऊन काडीनं हलकेच स्पर्श करून बघा. शिंग बाहेर आलं तर महिनाभर त्या कुंडीवर काही फवारू नका, आणि आमटीला पानं खालच्या फांदीची तोडा.